परांचीवर चढतो कोण आणि परांची असते कोणाची?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. सोळा हजारांहून अधिक कुटुंबांचा हा प्रश्न आहे. ११ जुलै १९९७ रोजी याच वस्तीत बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा जाब विचारायला रस्त्यावर उतरलेल्या आपल्या दहा माणसांना पोलिसांच्या गोळ्यांनी मारले. तिथे आता टॉवर उभे राहणार. वस्तीत सध्या रोज कुठे ना कुठे बैठक असते. घर किती फुटांचे, भाड्याचा चेक कधी, पात्र कोण अपात्र कोण, विहार कुठे येणार, हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण एक प्रश्न मी अजून कोणाच्या तोंडून ऐकला नाही. हे टॉवर बांधताना जी परांची उभी राहील, तिच्यावर चढणार कोण? ती परांची कोणाच्या मालकीची असेल? आणि पुढची काही वर्षे आपल्याच दारात होणाऱ्या या कामातून आपल्या पोरांच्या हाताला काय लागणार?

मी हा प्रश्न एका बैठकीत काढला तेव्हा आमच्या विभागातले एक जुने कार्यकर्ते, पँथरच्या दिवसांपासूनचे, माझ्यावर चिडले. म्हणाले, "अरे, बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं आणि तू आपल्या पोरांना बांबूवर चढवायला निघालास? पोरं कलेक्टर व्हायला पाहिजेत." टाळ्या त्यांनाच पडल्या. पडणारच. त्यांच्या वयाचा आणि त्यांनी खाल्लेल्या लाठ्यांचा मान आहे. पण त्यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे आपले नुकसान होते आहे, म्हणून हा लेख.

गावकीची कामे बाबासाहेबांनी सोडायला लावली, कारण ती जन्माने लादलेली होती, त्यांना मजुरी नव्हती आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. मेलेले ढोर ओढणे हा धंदा नव्हता, ती सक्ती होती. पण त्याच बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांसमोर कोणता प्रश्न मांडला होता, तो आठवा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, म्हणजे साच्यांवर, अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या माणसाच्या तोंडाने उष्टा झालेला धोटा दुसरा कामगार घेणार नाही, हे कारण. साचेवाल्याला मजुरी जास्त होती. आपली माणसे सूतकताईच्या खात्यांत, कमी पैशांत. गिरणी तीच, भोंगा तोच, लाल बावटाही तोच, पण कसबाचे आणि चांगल्या मजुरीचे खाते आपल्याला बंद. बाबासाहेबांनी तेव्हा गिरणीत जाऊ नका असे सांगितले नाही. ते खाते उघडा, असे सांगितले. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हा त्यांचा मुद्दा पुस्तकातला नव्हता, तो परळच्या गिरणीतही दिसत होता.

पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना तांत्रिक प्रशिक्षण आणि रोजगार विनिमय केंद्रे ही खाती त्यांच्याच हाताखाली होती. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरून आले. हाताने काम करणाऱ्या माणसाला तुच्छ लेखणारा नेता खाणीत उतरत नाही. तेव्हा कलेक्टर की कामगार असा प्रश्नच चुकीचा आहे. कलेक्टर व्हायलाच पाहिजे, आणि जी हजारो पोरे होणार नाहीत त्यांचे काय करायचे, हेही सांगायला पाहिजे. रमाबाई नगरातला, मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्तीतला किंवा अंधेरीच्या चाळीतला दहावी-बारावीपर्यंत पोहोचलेला मुलगा आज काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाठीवर बॅग लावून जेवण पोहोचवतो, नाहीतर एखाद्या सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहतो. या दोन्ही कामांत दहा वर्षांनी हातात कसब काय येते? काहीच नाही. पस्तिशीत तो विशीत होता तिथेच असतो.

आता परांचीकडे बघू. आपण रोज तिच्याखालून जातो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही बघा, जुन्या सोसायट्या पाडून टॉवर चढत आहेत, आणि ज्या पाडल्या नाहीत त्यांना पावसाळा संपला की डागडुजी आणि रंगासाठी बांबू लागतात. हिरवी जाळी आणि तिच्यामागे बांबूचा सांगाडा, हे उपनगराचे कायमचे चित्र झाले आहे. त्या सांगाड्याला आपण काम म्हणून बघतच नाही. बघणाऱ्याला वाटते, बांबूला बांबू बांधला, झाले.

तसे नसते. परांची खालून पडत नाही, ती बहुतेक वेळा बाजूला झुकून पडते. तिचा पाय कशावर टेकला आहे, भरावाच्या मातीवर की पक्क्या जागी, खाली फळी आहे का, हे पहिले. दुसरे, ती इमारतीला किती ठिकाणी बांधली आहे. तिसरे, तिरपे बांबू, म्हणजे कैचीसारखे आडवे-तिडवे टेकू, दिले आहेत का. काथ्याची दोरी भिजवून आवळली तर वाळल्यावर घट्ट धरते, नायलॉनची दोरी गुळगुळीत बांबूवर सरकते. हे शहाणपण चढणाऱ्याच्या बोटात असते. पाइपची परांची असेल तर सुमारे ४८ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, कपलॉक, जॅक, क्लॅम्प; प्रत्येक क्लॅम्प किती आवळला यावर वरच्या माणसाचा जीव. वरच्या मजल्यावरून बाहेर काढलेल्या लोखंडी बीमवर परांची टांगायची असेल तर हिशोब आणखी अवघड. आणि सगळ्यात धोक्याचे काम चढवण्याचे नसून उतरवण्याचे आहे. काम संपले, ठेकेदाराला माल दुसऱ्या साइटवर न्यायची घाई, म्हणून इमारतीला बांधलेले टेकू आधी सोडले की उरलेला सांगाडा माणसांसकट खाली येतो. यासाठी भारतीय मानके आहेत, परांची आणि शिड्यांसाठी आयएस ३६९६, पाइपच्या परांचीसाठी १९६७ पासून आयएस ४०१४. ज्याच्या अंगावर ती परांची पडणार आहे त्याने ती कधी पाहिलेलीही नसतात.

ब्रिटनमध्ये हेच काम करणाऱ्याला कार्ड लागते. शिकाऊ, मग पहिला टप्पा, दुसरा टप्पा, मग प्रगत, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला प्रशिक्षण, परीक्षा आणि वाढलेली मजुरी. दोन मीटरपेक्षा उंचीवरून पडण्याचा धोका असेल तर दर सात दिवसांनी परांची तपासून लेखी नोंद करावी लागते. आखातात रिफायनरीच्या कामावर परांचीच्या तोंडाशी हिरवा किंवा लाल टॅग लटकतो. हिरवा असेल तरच चढायचे, आणि तो टॅग लावणाऱ्या तपासनिसाच्या सहीशिवाय कंपनीचा साहेबसुद्धा वर जाऊ शकत नाही. हाँगकाँगमध्ये तर अजून बांबूची परांची चालते. तिथे ती बांधणारा उस्ताद मानला जातो, त्याला प्रशिक्षण घ्यावे लागते, पर्यटक त्याचे फोटो काढतात. (तिथेही सगळे आलबेल नाही. २६ नोव्हेंबर २०२५ ला ताई पो भागात डागडुजी चालू असलेल्या इमारतींना आग लागून दीडशेहून जास्त माणसे गेली आणि परांचीवरच्या जाळीच्या दर्जाचा प्रश्न ऐरणीवर आला. आपल्याकडच्या हिरव्या जाळ्या कोणी तपासल्या आहेत का, हे विचारायला हरकत नाही.)

इथे मला आपल्या बुरूड समाजाची आठवण येते. महाराष्ट्रात बुरूड अनुसूचित जातीत आहेत. बांबू कसा चिरायचा, कोणता वाकतो, कोणता तडकतो, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे आहे. त्या ज्ञानाला या देशाने काय दिले? गावाबाहेरची जागा आणि सुपाच्या बदल्यात पायलीभर दाणे. बांबू तोच आहे. हाँगकाँगमध्ये तो हातात घेणारा कारागीर ठरतो आणि इथे त्याच्यावरून माणसाची जात ठरते. म्हणून मी परांचीचे काम 'आपल्या लोकांचे पारंपरिक काम' म्हणून करा असे अजिबात सांगत नाही. बांबू बुरुडांना, गटार वाल्मिकींना, चामडे चांभारांना अशी वाटणी पुन्हा 'कौशल्या'च्या नावाने कोणी करू पाहत असेल तर तिला विरोधच केला पाहिजे. हे काम कोणत्याही जातीचे नाही. त्याला परीक्षा असावी, कार्ड असावे, दर असावा, आणि ज्याला करायचे त्याने करावे, ज्याला सोडायचे त्याने सोडावे.

आपल्याकडे ते तसे का नाही? ठेकेदाराच्या हजेरीपटात परांचीवाला बहुतेक वेळा 'हेल्पर' म्हणून लिहिलेला असतो. प्लंबर मिस्त्री, सुतार मिस्त्री, टाइल्सवाला मिस्त्री. परांचीवाला मात्र 'बांबूवाला पोरगा'. त्याने केलेल्या कामावर उभे राहून बाकीचे सगळे मिस्त्री काम करतात. एकदा त्याला कुशल म्हटले की कुशल कामगाराचा किमान वेतनाचा दर द्यावा लागतो, म्हणून त्याला कुशल म्हणायचेच नाही, इतका साधा हा हिशोब आहे. आणि हे चालते, कारण वर चढलेला माणूस मालदा-मुर्शिदाबादचा मुसलमान आहे, झारखंडचा आदिवासी आहे, बिहारचा दलित आहे, नाहीतर मराठवाड्यातून आलेला आपला बौद्ध किंवा मातंग. त्याच्यासाठी बोलायला कोणी नाही.

इथे काही मंडळी लगेच म्हणतील, बघा, परप्रांतीयांनी कामे बळकावली. त्यांच्या नादी आपण लागायचे नाही. बंगालच्या त्या पोराने आपले काम घेतलेले नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला तो उधारीच्या आयुष्यात पडेल त्या दराने चढतो. त्याला हाकलून त्याच दरात, त्याच विनाबेल्टच्या परांचीवर आपला पोरगा चढवला तर समाजाचा काय फायदा? दर आणि सुरक्षा दोघांची एकदम वाढली पाहिजे. नाहीतर मालकाला नेहमीच दुसरा स्वस्त माणूस मिळणार.

आता जिवाचा हिशोब. २०२४ साली बोरिवली पश्चिमेला चालू इमारतीची परांची कोसळून तीन कामगार मेले. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची कामाची लिफ्ट कोसळून सात जण गेले. या झाल्या पेपरात आलेल्या बातम्या. एकटा माणूस पडतो तेव्हा पोलीस ठाण्यात अपघाती मृत्यूची नोंद होते आणि शवागाराबाहेर ठेकेदाराचा माणूस पाकीट घेऊन उभा असतो. मी स्वतः अशा एका प्रसंगी हजर होतो. ठेकेदाराने दोन लाखांवर बोलणी संपवली होती आणि नातेवाइकांना रात्रीच्या गाडीचे तिकीटही काढून दिले होते. बाई सही करायला बसली होती. कागद काय आहे हे तिला कोणी वाचून दाखवले नव्हते.

तिला कायद्याने किती मिळायला हवे होते? १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचे सूत्र असे: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे निम्मे ७,५००. पंचविशीच्या माणसासाठी तो आकडा २१६.९१ आहे. गुणाकार केला तर १६,२६,८२५ रुपये होतात. शिवाय मुख्य मालक जबाबदारीतून सुटू शकत नाही. माणूस उपठेकेदाराचा होता, आमचा नव्हता, हे बिल्डरचे म्हणणे कायद्यापुढे टिकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या आणि हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला, तरी निम्मी मजुरी गुणिले आकडा हे सूत्र तिथेही आहे. सोळा लाखांचा हक्क आणि दोन लाखांची सही. त्या बाईला गुणाकार करून दाखवणारा एक माणूस तिथे असता तर चौदा लाखांचा फरक पडला असता. आपल्या प्रत्येक विहारात एका फळ्यावर हा गुणाकार लिहून ठेवायला काय हरकत आहे?

दुसरा पैसा उपकराचा. १९९६ च्या कायद्यापासून प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर, जमिनीची किंमत सोडून, एक टक्का उपकर बांधकाम कामगारांसाठी घेतला जातो. महाराष्ट्रात तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. उपनगरात जेवढे टॉवर दिसतात तेवढ्या टॉवरांचा एक टक्का मोजा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना सांगितले की देशभर सुमारे ३७,४०० कोटी रुपये जमा झाले आणि त्यातले कामगारांवर खर्च झाले ते सुमारे ९,५०० कोटी. कामगारांच्या नावाने वॉशिंग मशीन आणि लॅपटॉप घेतल्याचे वाचून न्यायमूर्तीही अवाक् झाले होते. आपल्या राज्यात मंडळाची ओळख म्हणजे भांड्यांचा संच, निवडणुकीच्या तोंडावर आमदाराच्या फोटोखाली वाटला जाणारा. पण याच मंडळात नोंदीत कामगार कामावर मेला तर वारसाला पाच लाख आहेत. त्याच्या पहिल्या दोन मुलांना अभियांत्रिकीसाठी वर्षाला साठ हजार, वैद्यकीयसाठी एक लाख आहेत. त्या जुन्या कार्यकर्त्यांना हवा असलेला डॉक्टर, कलेक्टर याच पैशातून शिकू शकतो! अडते कुठे? वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो देत नाही, कारण दाखला दिला म्हणजे माणूस आपला होता हे कबूल केले. नाक्यावरच्या कामगाराने दाखला कोणाचा आणायचा? मग दलाल उभा राहतो, पैसे घेतो, आणि आयुष्यात घमेले न उचललेल्यांची नोंदणी होते.

एवढे सगळे असूनही हे काम करा म्हणतोस, असे कोणी विचारेल. हो, पण चढणारा होऊन तिथेच थांबायला नाही. या धंद्यात पैसा आणि पत तीन जागी आहे, आणि तिन्ही जागी आपण नाही.

पहिली जागा कार्डवाल्या कामगाराची आणि तपासनिसाची. आपल्या बाजूला माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या आहेत. रिफायनरी ठरावीक काळाने बंद करून दुरुस्ती करतात, तेव्हा बॉयलर, टाक्या, चिमण्यांभोवती परांची लागते, आणि तिथे बांबूवाला पोरगा चालत नाही, प्रशिक्षित माणूस आणि तपासणीची सही लागते. आखातातही तसेच. देशाच्या कौशल्य आराखड्यात 'स्कॅफोल्डर' असा अधिकृत अभ्यासक्रम आहे, आणि आधीपासून काम येणाऱ्याला थोड्या दिवसांच्या परीक्षेवर प्रमाणपत्र मिळण्याची सोयही आहे. ज्याला परदेशात जायचे आहे त्याने आधी दहावी पास व्हावे. दहावी नसेल तर पासपोर्टवर परवानगीचा शिक्का लागतो आणि अठरा देशांसाठी वेगळी मंजुरी काढावी लागते. एजंटची फी कायद्याने तीस हजार अधिक जीएसटी एवढीच आहे. कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर तो लुटतो आहे, त्याच्याकडून पावती मागा आणि तक्रार करा. प्रमाणपत्र विकणाऱ्या गल्लीबोळातल्या दुकानांपासूनही सांभाळा. ज्या कोर्समध्ये प्रत्यक्ष परांची बांधून उतरवायला लावत नाहीत तो कोर्स नव्हे.

याच वाटेने पुढे सुरक्षा अधिकारी होता येते. अडीचशे किंवा जास्त कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक ठेवले गेले आहे. त्यासाठीची औद्योगिक सुरक्षेची पदविका विज्ञान पदवीधराला किंवा अभियांत्रिकी डिप्लोमावाल्याला करता येते, आणि केंद्रीय श्रम संस्था दिल्लीला नाही, आपल्या शीवला आहे. आपल्या समाजात बीएस्सी होऊन स्पर्धा परीक्षेच्या पाचव्या प्रयत्नाला बसलेली किती पोरे-पोरी आहेत? त्यांतल्या काहींनी तरी या पदविकेचा फॉर्म बघावा. पोरी मुद्दाम म्हणतो आहे. साइटवर बाईच्या डोक्यावर घमेले चालते, पण तिच्या हातात क्लॅम्पचा पाना किंवा तपासणीची वही कोणाला चालत नाही, जुन्या साचेखात्यासारखेच.

दुसरी जागा मालकीची, आणि खरा पैसा इथे आहे. परांचीचा माल भाड्याने चालतो. पाइप, कपलॉक, फळ्या, जॅक यांचे भाडे दिवसावर चालते. काम पावसाने थांबले, कोर्टाच्या स्थगितीने थांबले, तरी माल साइटवर आहे तोवर भाडे चढत राहते. पाइप खात नाही, आजारी पडत नाही, नीट रंगवून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो, आणि शेवटी भंगारातही पैसे देऊन जातो. चढणाऱ्याची हजेरी मात्र पावसाबरोबर बंद होते. मालक कोण? पिढीजात लोखंडाचा धंदा असलेली, ज्यांना उधारीवर माल मिळतो अशी घराणी. आपल्याला माल उधार मिळत नाही, गोडाऊनसाठी जागा नाही, आणि आडनाव ऐकून पुढचा माणूस आगाऊ रक्कम मागतो. २०१६ ला स्टँड-अप इंडिया निघाली. दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज आणि प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला द्यायचे, असे ठरले होते. आमच्या ओळखीच्या दोन भावांनी पाइपच्या धंद्यासाठी अर्ज केला. शाखेतल्या साहेबाने तारण काय ते आधी विचारले, मग 'हा तुमच्या लोकांचा धंदा नाही' असेही सांगितले. योजनेचा कागद आणि शाखेचा काउंटर यांत हे अंतर आहे. तरी केंद्राच्या कंपन्यांनी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करायची, हे धोरण २०१२ पासून आहे, आणि माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या केंद्राच्या कंपन्या आहेत. तिथे परांचीचा माल आणि माणसे पुरवणारी आपली किती नावे आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

मला दलित भांडवलशाहीचे फार कौतुक नाही. एकदोन कोट्यधीश झाले आणि त्यांच्या परांचीवर पुन्हा विनाबेल्टचाच माणूस चढला तर बाबासाहेबांच्या मनमाडच्या भाषणाचे काय? १९३८ ला तिथे रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू सांगितले होते, एक नाही. म्हणून मला तिसरी जागा जास्त महत्त्वाची वाटते, ती सहकाराची. राज्यात मजूर सहकारी संस्थांना सरकारी कामांत वाटा राखून ठेवण्याची पद्धत आहे. त्यांतल्या बऱ्याच संस्थांचे 'मजूर' पांढऱ्या गाडीतून उतरतात हे उघड गुपित आहे. खऱ्या परांचीवाल्यांची, बंगाली-झारखंडी-मराठी मिळून, एक संस्था, जिच्या मालकीचे पाइप आहेत आणि जी कामगाराला स्वतः ९० दिवसांचा दाखला देते, अशी आपण का काढू नये? बुद्धविहारांना देणगी देणारे आपले नोकरदार लोक अशा संस्थेत भागभांडवल टाकू शकतात. पहिल्या खेपेला दहा मजल्यांचा माल घेता आला नाही तरी चार मजल्यांच्या डागडुजीचा घेता येईल.

कौशल्य विकासवाल्यांनाही एक सांगायचे आहे. त्यांच्या भाषणात श्रमप्रतिष्ठा फार असते. आरक्षण कशाला, हातात कसब घ्या, असा त्यांचा सूर असतो. त्यांच्या घरातला एकही मुलगा परांचीवर चढलेला मी पाहिलेला नाही. प्रतिष्ठा भाषणाने येत नाही, ती हजेरीपटातल्या 'कुशल' या शब्दाने आणि त्यापुढच्या आकड्याने येते. आरक्षणही राहील आणि कसबही येईल, ही निवड आमच्यावर लादू नका.

रमाबाई नगराच्या बाबतीत आपली बाजू एका गोष्टीने भक्कम आहे. इथे बांधणारा खासगी बिल्डर नाही, सार्वजनिक प्राधिकरण आहे. त्याच्या कंत्राटात अटी घालता येतात. वस्तीतल्या इच्छुक मुला-मुलींना परांचीचे प्रमाणित प्रशिक्षण कंत्राटदाराच्या खर्चाने द्यावे. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठल्याही राज्याचा असो, कुशल कामगाराचा दर बँक खात्यात द्यावा. साइट सुरू झाल्यापासून ९० दिवस पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा मंडळाचा दाखला कंत्राटदाराने स्वतःहून द्यावा, तो दिल्याशिवाय त्याचे बिल निघू नये. परांचीच्या तपासणीची नोंद दर आठवड्याला गेटवर मराठी, हिंदी आणि बंगालीत लावावी. परांचीच्या भाड्याचा काही हिस्सा कामगारांच्या सहकारी संस्थेसाठी राखावा. हे पाच मुद्दे अर्जाच्या रूपात लिहून ठेवले आहेत. त्या जुन्या कार्यकर्त्यांना परवा घरी जाऊन वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पाचवा मुद्दा पुन्हा वाचायला सांगितला, आणि म्हणाले, "बंगालीत कशाला रे?" मी कारण सांगितले. सही अजून केलेली नाही, पण अर्ज ठेवून घेतला आहे. रविवारी बैठक आहे.